बोलावलेलं मुंगूस

इराचा फोन आला तेव्हा मी एका वॉशिंग मशीनच्या माहितीपुस्तिकेचं मराठी करत बसले होते. इरा म्हणजे माझ्या भावाची मुलगी, वय वर्षं एकोणीस. दर रविवारी ती बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकमध्ये तासदीड तास घालवून कोरमंगलातल्या एका कॅफेत जाते आणि चारपाच जणांबरोबर टेबलाभोवती बसून काल्पनिक राक्षस मारते. फासे टाकायचे, प्रत्येकाने एक पात्र व्हायचं, एकाने गोष्ट पुढे न्यायची, असा तो खेळ. मागून कपबशांचा आणि भांडणाचा आवाज येत होता. "आत्या, एक क्विक प्रश्न. बाबा म्हणाला की तुम्ही लोक हा गेम खेळायचात. समज, कुणी डिस्पेल टाकलं, म्हणजे जादू कॅन्सल करणारा मंत्र, तर जादूगाराचा फॅमिलियर गायब होतो का? त्याचा तो सोबतीचा प्राणी गं. इथे सगळे माझ्यावर ओरडतायत." मी म्हटलं, "नाही होत." तिने विचारलं, "शुअर? बाबा तर म्हणाला, होतो." मी म्हटलं, "तुझ्या बाबाला सोयीचे तेवढेच नियम आठवतात," आणि फोन ठेवला. नंतर तासभर कपडे वाळवण्याच्या बटणापुढे माझं काम सरकलं नाही.

हे प्रकरण मी लिहिणार नव्हते. आधीच्या पानांत वीणक्काचं नाव ओझरतं येऊन गेलं आहे, तेवढ्यावरच भागवायचा विचार होता. अण्णाचंही तेच म्हणणं पडलं. अण्णा म्हणजे माझा भाऊ रघू, इराचा बाबा. "लिही की तुझ्या शाळेचं, अवरेकाईचं, बसवनगुडीचं. ते सगळं कशाला उकरतेस?" असं तो परवा म्हणाला. माझ्या आठवणींत काय असावं हे ठरवायची त्याची सवय जुनी आहे. चाळिशी उलटल्यावर तरी ती मी चालू देणार नाही.

आमचं घर बंगळूरच्या बसवनगुडीत, गांधी बझारच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. खाली पिठाची गिरणी होती. ती सुरू झाली की आमच्या जमिनीला बारीक कंप सुटायचा आणि फळीवरची स्टीलची भांडी एकमेकांना लागून किणकिणायची. आमच्या घरातलं कुठलंही बोलणं गिरणीच्या वेळा सांभाळून व्हायचं. तीनेकशे वर्षं आम्ही या मुलखात आहोत. आमच्या मराठीत अर्धं कानडी, अण्णा, अक्का, थोडंसाठी स्वल्प, बरंसाठी सरी. हल्ली पुण्याहून नोकरीला आलेली माणसं आमचं बोलणं ऐकून गालातल्या गालात हसतात, हसू देत. घरातला कुठलाही अवघड विषय अप्पा एकाच वाक्याने बंद करायचे, "होगली बिडु." जाऊ दे, सोड. वर्तमानपत्र खाली न करता म्हणायचे. लहानपणी मला तो त्यांचा समजूतदारपणा वाटायचा. आता वाटतं, आमच्या घरातले निम्मे अन्याय त्या दोन शब्दांवर पार पडले.

वीणक्का माझ्या मामाची मुलगी, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. मामी आधीच गेली होती. मामा कोलारला शाळेत मास्तर होता, तोही एका तापाचं निमित्त होऊन गेला. तेराव्याचं जेवण झाल्यावर मंडळी हात धुऊन ओसरीवर बसली होती आणि पोरीचं आता काय, हा विषय सगळे टाळत होते. तेव्हा आई उठली. मी तिच्या शेजारीच होते, तिच्या पदराचं टोक माझ्या हातात होतं. चौदा वर्षांची घोडी झाले होते तरी परक्या घरी मी तिचा पदर सोडत नसे. आई म्हणाली, "कुणी काळजी करू नका. वीणाला मी नेते, माझ्या रघूसाठी. माझी सून आहे ती." आमच्याकडे मामाची मुलगी करायची रीतच आहे, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. उलट दोघीतिघी म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. वीणक्का दाराशी उभी होती. तिने बारावी गणितात पहिल्या नंबराने पास केली होती आणि कोलारच्या कॉलेजात तिचं नाव लागलं होतं. "आता कॉलेज कशाला, घरातलं वळण लागू दे," असं आई बसमध्ये म्हणाली. वीणक्का "सरी, आत्या," म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

ती आली आणि आमचं खाणं सुधारलं हे आधी सांगते, कारण आम्हाला सगळ्यांना आधी तेच जाणवलं. तिच्या हातच्या हुळीला, म्हणजे आमच्याकडच्या आंबट आमटीला, एक वेगळाच खमंगपणा होता. धने ती शेवटी भाजायची, खोबऱ्याच्या नंतर, आणि विचारलं तर "बाबा असंच करायचे," एवढंच म्हणायची. थंडीत अवरेकाईची, म्हणजे पावट्याच्या शेंगांची, पोती यायची. शेंगा सोलायच्या, दाणे रात्रभर भिजवायचे आणि सकाळी एकेक दाणा चिमटीत दाबून सालातून बाहेर उडवायचा. बाराशे दाणे चिमटायला मला अख्खी सकाळ लागायची, आणि तिचं टोपलं अकराच्या आत भरलेलं असायचं. अण्णाशी ती मोजकं बोलायची. ठरलेल्या नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही आणि अजून अहो म्हणायची वेळ नाही, अशा पेचात ती "जेवायला वाढलंय" असं भिंतीला सांगायची.

हा पेच सुटला तो खेळामुळे. अण्णाचा एक वर्गमित्र परदेशी जाताना त्याला दोन जाडजूड इंग्रजी नियमपुस्तकांच्या झेरॉक्स प्रती आणि अनेक पैलूंचे फासे देऊन गेला. खेळायला माणसं हवीत म्हणून अण्णाने आम्हा दोघींना धरून बसवलं. गोष्ट चालवणारा तो, म्हणून वीणक्का त्याला मास्तर म्हणू लागली. केवढी सोय झाली तिची! "मास्तर, मी दार ढकलते." "मास्तर, ताक घेणार का?" रविवारी दुपारी जेवणं झाली, खालची गिरणी बंद झाली की सतरंजीवर आमचा डाव मांडला जायचा. प्रत्येकाच्या प्राणाचे गुण भुईमुगाच्या शेंगांत मोजायचे, तेही परिषेतून, म्हणजे बसवनगुडीच्या शेंगांच्या जत्रेतून, आणलेल्या टपोऱ्या शेंगांत. वार लागला की तेवढ्या शेंगा फोडून समोरच्याने खायच्या. एवढ्या नियमात आम्ही तिघं मनापासून खूश होतो. मी तलवारवाली झाले. वीणक्का जादूगारीण झाली आणि पहिल्याच दिवशी तिने सोबतीचा प्राणी मागितला. पुस्तकात घुबड, मांजर, कावळा असली यादी होती. तिला मुंगूस हवं होतं. कोलारच्या घरामागे येणाऱ्या मुंगसाला तिचे बाबा हाक मारायचे म्हणे आणि ते यायचं. अण्णा मुंगसाला तयार झाला. त्याचं नाव किट्टू ठेवलं. किट्टूच्या अकरा शेंगा ती वेगळ्या वाटीत ठेवायची.

वीणक्का कन्नड माध्यमातली, मी कॉन्व्हेंटची. तेव्हा पुस्तकातले नियम मराठीत उतरवून द्यायचं काम माझ्याकडे आलं आणि मी ते भलत्या तोऱ्यात केलं. शंभर पानी वहीत, निळ्या शाईत, मथळ्यांखाली दोन रेघा. जादू रद्द करणाऱ्या मंत्राला मी 'उतारा' असं नाव दिलं. आई दृष्ट लागली की भाताचा गोळा ओवाळून चौकात ठेवायची, तोच हा उतारा. अण्णालासुद्धा ते नाव आवडलं. सोबतीच्या प्राण्यांचा विषय आला तेव्हा पुस्तकात दोन शब्द होते. काही प्राणी 'समन' केलेले, काही 'कॉल' केलेले. मी दोन्ही ठिकाणी लिहिलं, 'बोलावलेले'. दुसरं काय लिहिणार? आपण डॉक्टरला बोलावतो, जावयाला बोलावतो, सवाष्णीला बोलावतो, अंगात देवही बोलावतो. मराठीला एक शब्द पुरतो. दोन शब्द आहेत तर दोन गोष्टी असतील, हे सोळाव्या वर्षी माझ्या डोक्यात आलं नाही. आज मी भाषांतरावर पोट भरते आणि कुठे दोन शब्दांना एक शब्द वापरायची वेळ आली की माझा हात अडतो. वहीत मी पुढे लिहिलं होतं, 'उतारा पडला की वर्तुळातले बोलावलेले प्राणी नाहीसे होतात.'

तीन वर्षं अशी गेली. अण्णाला नोकरी लागली, मी कॉलेजात जाऊ लागले, वीणक्का भात लावत राहिली. लग्नाचं कुणी काढलं की आई "यंदा गुरुबळ नाही," असं काहीतरी म्हणायची. मग परिषे होऊन गेल्यावरच्या एका गुरुवारी अण्णा ऑफिसला गेलाच नाही. वीणक्का दळण घेऊन खाली गिरणीत गेली होती. अण्णा आईअप्पांसमोर बसला आणि म्हणाला, की ऑफिसातल्या एका मुलीशी त्याचं ठरलं आहे आणि वीणाशी तो लग्न करणार नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात होते. आईने आधी कपाळाला हात लावला, मग मुलगी कुठली, घरचे काय करतात, हे विचारलं. घरचे बरेच काही करत होते. दहा मिनिटांत आईचा आवाज बदलला. "वीणाचं काय?" हे अप्पांनी विचारलं, एवढं त्यांच्या बाजूने लिहायला हवं. अण्णा म्हणाला, "तिला मी बोललो होतो काय? तुम्ही बोललात." यावर अप्पांनी वर्तमानपत्र उघडलं. तेवढ्यात जिना वाजला आणि पिठाचा डबा कडेवर घेऊन वीणक्का आत आली. आम्ही चौघंही एकदम गप्प झालो. "काय झालं?" असं तिने विचारलं नाही. डबा जागेवर ठेवला आणि हातपाय धुवायला गेली.

त्या रविवारी आम्ही खेळलो. मला आजही याचंच आश्चर्य वाटतं. तिघांपैकी दोघांना माहीत होतं, आणि तरी सतरंजी पसरली गेली, शेंगा मोजल्या गेल्या. अण्णाने आम्हाला एका तळघरात नेलं आणि तिथे एक म्हातारा मांत्रिक उभा केला. दोन फासे झाले न झाले तोच मांत्रिकाने उतारा टाकला. "वीस पावलांच्या वर्तुळात सगळी जादू बंद. वीणा, तुझं मुंगूस गेलं."

"गेलं म्हणजे?"

"म्हणजे नाहीसं झालं. हवेत विरलं. त्याच्या शेंगा इकडे दे."

वीणक्काने वाटीवर हात ठेवला. "मास्तर, ते कसं विरेल? ते खरं मुंगूस आहे. मी मंत्राने धूर करून उभं केलेलं नाही. जंगलात होतं, मी हाक मारली, ते स्वतःच्या पायांनी चालत आलं. उतारा पडला तर माझी हाक पुसली जाईल. त्याला माझ्या मनातलं कळणार नाही, सरी. पण मुंगूस तिथंच राहील की. ते कुठं जाईल?"

अण्णाला तिचं इतकं सलग बोलणं ऐकायची सवय नव्हती. तो लाल झाला. "नियम आहे. सुमीच्या वहीत बघ. बोलावलेले प्राणी नाहीसे होतात. तू त्याला बोलावलं होतंस की नाही?"

"बोलावलं होतं."

"मग झालं तर. ज्याच्यामुळे ते इथे होतं तेच संपलं. मग ते कशाला राहील?"

वीणक्काने अण्णाकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघितलं. "सुमी, वही राहू दे. मोठ्या पुस्तकात बघून सांग."

मी पुस्तक उघडलं. पान सापडायला वेळ लागला नाही. त्या पानावर दोन्ही शब्द एकाखाली एक होते आणि त्यांतला फरक सरळ, लहान वाक्यांत दिलेला होता. समन केलेला प्राणी मंत्राच्या बळावर उभा असतो, मंत्र रद्द झाला की तोही जातो. कॉल केलेला प्राणी खराखुरा, हाडामांसाचा. तो येऊन पोचला तिथेच मंत्राचं काम संपलं, आता रद्द करायला मागे काही उरलेलंच नाही. उतारा पडला तर त्याच्या अंगची जादूची शक्ती तेवढा वेळ थांबेल, पण प्राणी जागचा हलणार नाही. आणि सोबतीचे प्राणी सगळे दुसऱ्या प्रकारचे, हेही तिथेच लिहिलं होतं. म्हणजे वीणक्का शब्दाशब्दाला बरोबर होती. माझी वही तीन वर्षं चूक होती.

मी खोटं का बोलले, याची बरीच उदात्त कारणं मी पुढे स्वतःला पुरवली. भावाचा मान, घरातला ताण, वय. खरं कारण क्षुद्र आहे आणि ते इथे लिहून टाकते. कन्नड शाळेत शिकलेल्या मुलीसमोर, जिला मी तीन वर्षं इंग्रजी समजावून देत होते तिच्यासमोर, माझं इंग्रजी चुकलं हे मला कबूल करायचं नव्हतं. आणि दुसरं, गुरुवारपासून ती आमची नव्हती. हे कुणी बोललं नव्हतं, पण मी आतल्या आत ते मान्य करून बसले होते. जाणाऱ्या माणसासाठी आपली लाज कशाला काढून घ्या? मी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "अण्णा बरोबर म्हणतोय. नाहीसं होतं."

 किट्टूची वाटी उचलून तिने अण्णाला न देता माझ्यापुढे ठेवली. "खा," म्हणाली. मी एकेक करून अकराही शेंगा फोडून खाल्ल्या. अण्णाने मांत्रिकाचा पुढचा फासा टाकला. पाच वाजता ती चहा ठेवायला उठली आणि त्यानंतर आम्ही तिघं परत कधी खेळलो नाही.

पंधरा दिवसांनी कोलारचे भीममामा आले. हे आईचे चुलतभाऊ, निवृत्त पोस्टमास्तर, मामाच्या तेराव्याला यांनीच सगळं बघितलं होतं. दोन बस बदलून ते सकाळी अकराला दारात उभे राहिले. पाणीसुद्धा न घेता खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "शारदा, रघूचं दुसरीकडे ठरलं असं कळलं. त्याची मर्जी. हल्ली पोरांवर जबरदस्ती कोण करतं? पण तू चार माणसांत शब्द दिला होतास. त्या शब्दावर पोरीने कॉलेज सोडलं. लग्न नको तर नको, आता तिला शिकवायचं तुम्ही. तिचं नाव इथल्या कॉलेजात घाल आणि पदवी होईपर्यंत घरात ठेव, मोलकरणीसारखी नाही, मुलीसारखी. एवढं कबूल कर, मी लगेच उठतो."

मागणं काही मोठं नव्हतं. मी मनातल्या मनात म्हटलंही, हो म्हण आई. पण हो म्हणायचं तर शब्द दिला होता हे आधी मान्य करावं लागलं असतं, आणि नव्या व्याह्यांच्या कानावर ते जायला नको होतं. आई म्हणाली, "कसला शब्द? भावाची पोरगी उघड्यावर पडली, मी म्हटलं बोलावून घेते माझ्याकडे. इतकंच म्हटलं की. सून हा शब्द माझ्या तोंडातून गेला असेल तर जीभ झडेल माझी." हे सगळं ती शांतपणे, पदराने हात पुसत म्हणाली. खाली गिरणी चालू होती आणि फळीवरच्या वाट्या वाजत होत्या.

भीममामांनी अप्पांकडे बघितलं. अप्पा म्हणाले, "मी त्या वेळी आत होतो, पंक्तीच्या हिशेबात." मग मामांची नजर खोलीभर फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली. "ही होती. ही तुझा पदर धरून उभी होती, मला चांगलं आठवतं. काय गे सुमी, त्या दिवशी..."

"तिला विचारू नका काका," वीणक्का म्हणाली.

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हाताला अवरेकाईची सालं चिकटलेली. आवाजात राग नव्हता, रडं नव्हतं. मामांनी पायांत चपला सरकवल्या. जेवून जा, असं आई म्हणाली. ते जेवले नाहीत. जिन्यावरून त्यांचा खोकला ऐकू येत राहिला. अप्पा म्हणाले, "होगली बिडु."

मला विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं, हे मी इतकी वर्षं स्वतःला विचारत आले आहे, आणि दर वेळी स्वतःला थोडी अधिक सूट देत आले आहे. कधीकधी तर असंही वाटायचं की मी खरं सांगितलं असतं. पण एक गोष्ट मी घट्ट धरून ठेवली होती. त्या खोलीत एकाच माणसाने माझ्यावर दया केली, आणि ती वीणक्काने. आईविरुद्ध बोलायचं की खोटं बोलायचं, या कात्रीतून तिने मला बाहेर काढलं. स्वतःचं नुकसान करून काढलं. तिच्या त्या चार शब्दांवर मी मनात तिचं एक देऊळच बांधलं होतं, आणि देवळात जाऊन आलं की माणसाला बरं वाटतं.

उतारा पडल्यावर घरच्यांना वाटत होतं की ती आपोआप नाहीशी होईल. तसं कुठे होतं? खरं माणूस होतं ते. सकाळी उठत होतं, भूक लागत होती, दात घासत होतं. जायला जागा नव्हती म्हणून ती आणखी आठ महिने आमच्याकडे राहिली. अण्णाच्या लग्नाचे लाडू तिने वळले. पाहुणे विचारायचे, ही कोण? आई सांगायची, "भावाची मुलगी, आलीय मदतीला." वहिनीला मी दोष देत नाही, तिला बिचारीला वर्षभर काही ठाऊक नव्हतं. वहिनी घरात आल्यावर वीणक्काची चादर हॉलमध्ये आली, मग जिन्याजवळच्या खोलीत. शेवटी भीममामांनी कोलारच्या एका बालवाडीत तिची सोय लावली आणि एका सकाळी ती पत्र्याची ट्रंक घेऊन गेली. मी तिला सोडायला बसस्टँडवर गेले नाही. माझी परीक्षा होती, इंग्रजीची.

ती आजही कोलारला असते. लग्न केलं नाही. पदवी तिने पस्तिशीनंतर घरी बसून घेतली आणि आता दहावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवते. कार्यांत भेटते, हसते, माझ्या तब्येतीची चौकशी करते. आईच्या शेवटच्या आजारात चार दिवस राहूनही गेली. जुन्या गोष्टी तिने कधी काढल्या नाहीत, आणि मी त्याला तिचा मोठेपणा म्हणत आले.

इराचा फोन झाल्यावर त्याच संध्याकाळी मी तिला फोन लावला. हवापाणी झालं. मग मी म्हटलं, "वीणक्का, एक सांगायचं राहून गेलंय. आपण खेळायचो ना, तेव्हा तुझं ते मुंगूस. उताऱ्याने ते जात नाही. पुस्तकात तसंच लिहिलं होतं आणि मी तुला खोटं सांगितलं."

"होय की," ती म्हणाली. "उजव्या हाताचं पान, खालून दुसरा परिच्छेद."

 तीच पुढे म्हणाली, "तू शाळेला गेलीस की दुपारभर मला काय काम होतं गे? डिक्शनरी होती तुझी. दोन्ही पुस्तकं वाचून झाली होती माझी, तुझी वही व्हायच्या आधी."

"मग मला का विचारलंस?"

"बघायचं होतं. गुरुवारी मी दळण घेऊन आले तेव्हा तुम्ही सगळे गप्प झालात, तेव्हाच मला कळलं होतं. भीमकाकांना पत्र घालणार होते मी. आत्या नाही म्हणणार हे नक्की होतं. साक्षीला कुणाचं नाव घालावं ते बघत होते." ती सहज बोलत होती, एखादं गणित कसं सोडवलं ते सांगावं तसं. "मग नाही घातलं कुणाचं."

 मी म्हटलं, "पण त्या दिवशी भीममामा मला विचारत होते तेव्हा तू त्यांना थांबवलंस."

"थांबवणार नाही तर काय? सत्तरीचा माणूस, दोन बस बदलून आलेला. तुझ्या तोंडून नाही ऐकून, सगळ्यांसमोर खोटा ठरून उठायला लागलं असतं त्यांना. मला बघवलं नसतं ते."

"मला इतकी वर्षं वाटत होतं," मी म्हटलं, "की तू मला वाचवलंस."

"तुला?" वीणक्का म्हणाली. तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं, ती टोमणा मारत नव्हती. "तुला कशातून?"